ब्रेकच्या आवाजाचे मूळ कसे शोधावे

गाडीच्या ब्रेकमधून नेहमीपेक्षा वेगळा आवाज येऊ लागला की काही जण काचा वर करून त्याकडे दुर्लक्ष करतात, तर काही जण गॅरेजमध्ये जाऊन तडक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे लोखंडी तबकडीला, दाबून धरणारे ठोकळे) बदलून घेतात. दुर्लक्ष करण्यात धोका आहे, हे वेगळे सांगायला नको. पण न तपासता पॅड बदलूनही फारसे साधत नाही. अडकलेली कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन, सैल झालेली क्लिप किंवा डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये शिरलेला खडा यांपैकी एखादे मूळ कारण असेल, तर नवे पॅडही थोड्याच दिवसांत तसेच वाजू लागतात आणि बिघाड नक्की कुठे आहे हे शोधणे पहिल्यापेक्षा अवघड होऊन बसते.

निदान करताना आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा सुरू होतो आणि काय केले असता थांबतो, याला अधिक महत्त्व द्यावे. तीव्र 'चीं' असा आवाज अनेक कारणांनी येतो. परंतु पेडल दाबताच थांबणारा 'चीं' आणि पेडल दाबल्यावरच सुरू होणारा 'चीं' यांची मुळे सहसा निरनिराळी असतात. आवाजाच्या मोठेपणावरून धोक्याचा अंदाजही बांधू नये. कानठळ्या बसवणारी किंकाळी पुष्कळदा केवळ त्रासदायक असते आणि जेमतेम ऐकू येणारी खरखर ही पॅडचा घर्षण-थर संपल्याची खूण असू शकते. विशेषतः बरेच दिवस येत असलेला तीव्र आवाज कोणतीही दुरुस्ती न करता बंद झाला किंवा त्याची जागा खरखरीने घेतली, तर ब्रेक आपोआप सुधारला असे मुळीच मानू नये. झिजेची सूचना देणारी पट्टी तुटून गेली असण्याची किंवा थर पूर्ण झिजून लोखंड लोखंडाला लागले असण्याची शक्यता तेव्हा सर्वांत आधी तपासावी.

आधी हे पाहा

पुढे दिलेल्या चाचण्या गाडी चालवून करायच्या असल्यामुळे, गाडी चालवण्याइतके ब्रेक शाबूत आहेत याची खात्री आधी करून घ्यावी. पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, स्पंजासारखे मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लागलेला असेल, ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल, एखाद्या चाकातून धूर किंवा जळका वास येत असेल, किंवा धातूवर धातू घासल्याचा स्पष्ट आवाज प्रत्येक वेळी येत असेल, तर चाचणीसाठीही गाडी रस्त्यावर नेऊ नये. मेकॅनिकला गाडीपाशी बोलवावे किंवा गाडी उचलून न्यावी.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळीही पाहून घ्यावी. पॅड झिजत जातात तसे कॅलिपरमधील पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारे दट्टे, बाहेर येतात आणि त्यांच्या मागची वाढलेली जागा भरण्यासाठी टाकीतले ऑइल उतरते. त्यामुळे गळती नसतानाही पातळी हळूहळू खाली आली असेल, तर पॅड बरेच झिजले असल्याचा तो एक पुरावा ठरतो. म्हणूनच केवळ पातळी कमी दिसली म्हणून लगेच ऑइल ओतून हा पुरावा पुसून टाकू नये. आधी पॅड पाहावेत. पातळी झपाट्याने उतरली असेल, तर मात्र गळती आहे असे धरून चालावे.

आवाज निर्माण कसा होतो

पॅड डिस्कवर दाबला जातो तेव्हा तो एकसारखा घसरत नाही. सूक्ष्म पातळीवर तो क्षणभर डिस्कला धरतो, सुटतो आणि पुन्हा धरतो. तंतुवाद्याच्या तारेवर गज फिरवताना नेमके हेच घडत असते. या धरण्या-सुटण्यामुळे पॅड, कॅलिपर आणि डिस्क यांत कंप उत्पन्न होतो आणि हा कंप त्या भागांच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला की डिस्क मोठ्याने वाजू लागते. किंचाळल्यासारखा आवाज साधारण १,००० ते १६,००० हर्ट्झ या पट्ट्यात येतो, तर गुरगुर आणि घोगरा आवाज त्याहून कितीतरी खालच्या पट्ट्यात येतो.

यावरून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. एक म्हणजे, पूर्णपणे सुस्थितीत असलेला ब्रेकही विशिष्ट वेग, दाब, तापमान आणि दमटपणा यांचा मेळ जुळला की वाजू शकतो. अशा आवाजाने ब्रेकची ताकद कमी होत नाही. दुसरे असे की, कंप रोखण्यासाठी ब्रेकमध्ये जे छोटे भाग मुद्दाम बसवलेले असतात, म्हणजे पॅडच्या पाठीवरची पातळ चकती किंवा शिम, पॅड घट्ट धरणाऱ्या क्लिपा आणि सरकत्या पिनांवरचे ग्रीस, त्यांपैकी एखादा नाहीसा झाला तर आवाज येणारच. पॅड बदलताना जुन्या क्लिपा वाकवून पुन्हा बसवणे किंवा शिम फेकून देणे हे तक्रारींचे एक नेहमीचे कारण आहे, आणि ते टाळता येण्यासारखे असल्यामुळे त्याचे अधिक वाईट वाटते.

चालवून ऐकण्याची पद्धत

रहदारी नसलेला सपाट, सरळ रस्ता निवडावा. रेडिओ आणि एसीचा पंखा बंद करून काचा खाली कराव्यात. रस्त्याच्या एका बाजूला लांब भिंत असेल तर उत्तम, कारण चाकाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि तो डाव्या बाजूचा आहे की उजव्या, हे बऱ्याच अंशी कळते. सोबत कोणी असेल तर त्याला मागच्या आसनावर बसवून नोंदी करायला सांगावे, म्हणजे चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर राहील.

प्रथम ब्रेकला पायही न लावता ताशी २० ते ४० किलोमीटर वेगाने चालवून ऐकावे. मग त्याच वेगात पेडल अगदी हलके टेकवावे, इतके हलके की वेग जेमतेम कमी व्हावा. त्यानंतर मध्यम दाबाने गाडी थांबवावी. मग मागे कोणी नाही याची खात्री करून गाडी मागे घेत ब्रेक लावून पाहावा. मोकळ्या जागेत सावकाश डावीकडे आणि उजवीकडे वळून आवाज बदलतो का ते ऐकावे. ही सगळी पायरी ब्रेक थंड असताना एकदा आणि दहा-पंधरा मिनिटे चालवल्यानंतर पुन्हा एकदा करावी. थंड ब्रेक आणि गरम ब्रेक यांच्या आवाजातील फरक कारणांची यादी जवळजवळ निम्म्यावर आणतो, आणि नेमकी हीच चाचणी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

आवाज पुढचा की मागचा हे ठरत नसेल आणि हँडब्रेक दांड्याचा असेल, तर ताशी १५ किलोमीटरच्या आत, दांड्याचे बटण दाबून धरून, तो हळूच वर ओढावा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असल्याने आवाज आला तर शोध मागच्या बाजूला वळवता येतो. काही गाड्यांत मात्र मागे डिस्क असूनही हँडब्रेकसाठी आत स्वतंत्र लहान शू, म्हणजे पोकळ ड्रमला आतून दाबणारे वक्र ठोकळे, असतात. तिथे या चाचणीतून त्या शूंविषयीच कळते. बटणाने चालणाऱ्या विजेच्या हँडब्रेकवर हा प्रयोग करू नये, कारण चालत्या गाडीत तो आणीबाणीचा ब्रेक म्हणून काम करतो.

ब्रेकशी संबंध नसलेले आवाज वेगळे काढणे

पेडल दाबले किंवा सोडले तरी ज्या आवाजात तसूभरही फरक पडत नाही, तो आवाज ब्रेकचा नसण्याची शक्यता मोठी असते. वेगाबरोबर चढत जाणारी 'हूऽऽ' अशी एकसुरी घरघर चाकाच्या बेअरिंगची असू शकते. डावीकडे-उजवीकडे वळताना ती कमी-जास्त झाली, तर संशय बळावतो. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून उजव्या वळणावर वाढणारा आवाज सहसा डाव्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. वळण घेताना वेग दिल्यावर येणारी 'टक-टक-टक' ही बहुधा चाकाला गती पोहोचवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटची असते. टायर असमान झिजला असेल तर त्याचीही घरघर येते. ती रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच बदलते, बेअरिंगची मात्र तितकीशी बदलत नाही.

मधल्या वर्गात मोडणारा एक आवाज आहे आणि तो माणसाला सर्वांत जास्त घाबरवतो. खराब रस्त्यावरून आल्यानंतर एकाएकी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा कर्कश आवाज सुरू होतो, ब्रेक न लावताही चालूच राहतो आणि वेगाबरोबर वाढतो. डिस्कच्या मागे चिखल-पाणी अडवण्यासाठी पातळ पत्रा असतो, त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये बारीक खडा अडकल्यामुळे हे होते. गाडी काही मीटर मागे आणि पुन्हा पुढे घेतली की खडा पुष्कळदा निसटून पडतो. तसे झाले नाही तर चाक काढून खडा काढावा लागतो. कधी हा पत्राच वाकून डिस्कला टेकलेला असतो, विशेषतः नुकतेच कोणी चाकाजवळ काम केले असेल तर. तो हाताने किंचित मागे वाकवला की काम होते.

तीव्र 'चीं' किंवा किंकाळी

सकाळी पहिल्या दोन-चार वेळा ब्रेक लावताना येणारा आणि नंतर नाहीसा होणारा आवाज दमटपणाचा असतो. पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर उभी ठेवली की लोखंडी डिस्कवर काही तासांत गंजाचा पातळ तांबूस थर चढतो. पॅड तो खरडून काढतात आणि तेवढ्यापुरता 'खर्र' किंवा 'चीं' असा आवाज येतो. याला दुरुस्ती लागत नाही. हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांत मोटारच गाडीचा वेग पुष्कळसा कमी करते, त्यामुळे पॅडचा वापर कमी होऊन गंज अधिक काळ टिकतो. अशा गाडीत सुरक्षित ठिकाणी अधूनमधून पेडल थोडे जोराने दाबून डिस्क स्वच्छ ठेवणे हिताचे असते.

पुष्कळ पॅडना लवचिक पोलादाची एक छोटी पट्टी जोडलेली असते. घर्षण-थर साधारण २ ते ३ मिलिमीटर उरला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि वाजू लागते. हा आवाज बहुधा गाडी चालू असताना, ब्रेक न लावताच सुरू होतो आणि पेडल दाबल्यावर बदलतो किंवा थांबतो. काही गाड्यांत तो ब्रेक लावल्यावरच येतो. हे पॅड बदलण्याचे स्पष्ट निमंत्रण आहे. ज्या गाड्यांत पट्टीऐवजी विजेचा सेन्सर असतो, तिथे आवाज न येता डॅशबोर्डवर दिवा लागतो. ड्रम ब्रेकच्या शूंना मात्र सहसा अशी सूचना देणारी पट्टी नसते, हे मागे ड्रम असलेल्या गाडीच्या मालकाने लक्षात ठेवले पाहिजे.

पेडल हलके दाबल्यावरच येणारा आणि जोराने दाबताच थांबणारा 'चीं' हा कंपाचा ठराविक नमुना आहे. वाढलेला दाब पॅडला जखडून ठेवतो आणि कंप मरतो. येथे पॅड जाड असतील तर कारण शिम, क्लिपा आणि कोरड्या पडलेल्या सरकत्या जागा यांत शोधावे. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आणि कडक झालेला असेल, तर तो अति तापला आहे असे समजावे. लांब उतारावर गिअरचा आधार न घेता सतत ब्रेकवर पाय ठेवण्याची सवय किंवा नवे पॅड नीट बसण्यापूर्वीच त्यांच्यावर पडलेला ताण यामुळे असे होते. पॅडच्या मिश्रणाचाही परिणाम असतो: धातूचे प्रमाण जास्त असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात, पण सिरॅमिक पॅडच्या तुलनेत अधिक आवाज करतात. पॅड बदलल्यापासूनच आवाज सुरू झाला असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर हे कारण विचारात घ्यावे.

खरखर आणि घासल्याचा आवाज

प्रत्येक वेळी ब्रेक लावताना जाडाभरडा 'खर्रऽऽ' आवाज येत असेल, पेडलमध्ये तो पायालाही जाणवत असेल आणि बऱ्याचदा ब्रेक लावूनही जात नसेल, तर पॅडचा थर संपून त्याची लोखंडी पाठ डिस्कला घासते आहे असे गृहीत धरावे. या अवस्थेत गाडी थांबायला जास्त अंतर लागते, डिस्कवर खोल चरे पडतात आणि कोरलेली डिस्क बदलावी लागते. पुढे आणखी चालवले तर पिस्टन त्याच्या मर्यादेबाहेर येऊन ऑइल गळू शकते. चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड जाड दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. सरकत्या कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील तर आतला पॅड, जो बाहेरून दिसतच नाही, तो एकटाच झिजून संपलेला असतो. लोकांची फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

याच जातीचा एक आवाज मात्र पूर्णपणे निर्दोष आहे. निसरड्या रस्त्यावर किंवा अचानक जोराने ब्रेक लावल्यावर पेडल पायाखाली थरथरते आणि 'घर्रर्र' असा आवाज येतो, तेव्हा एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी यंत्रणा, काम करत असते. पाय उचलू नये, दाब कायम ठेवावा. इंजिन सुरू करून निघाल्यावर सावकाश वेगात येणारा क्षणिक 'घुर्र' किंवा 'टक्' हाही अनेक गाड्यांत एबीएसने स्वतःची तपासणी केल्याचा आवाज असतो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर हलका ब्रेक लावतानाही ही थरथर होऊ लागली, तर मात्र चाकाजवळच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरची तपासणी करून घ्यावी.

'खट्ट', खडखड आणि तालबद्ध आवाज

पुढे जाताना पहिल्यांदा ब्रेक लावल्यावर एकदाच 'खट्ट' वाजते, मग कितीही वेळा ब्रेक लावला तरी वाजत नाही, आणि गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे नेली की परत एकदा वाजते. पॅड त्याच्या खाचेत सैल असल्याचे हे लक्षण आहे: ब्रेक लावल्यावर पॅड चाक फिरते त्या दिशेने सरकून खाचेच्या एका टोकाला आपटतो आणि दिशा बदलल्यावर दुसऱ्या टोकाला. क्लिपा बदलल्या की हा आवाज जातो. प्रत्येक वेळी ब्रेक लावताना 'खट्ट' होत असेल, तर कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाला आधार देणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश तपासावेत. कॅलिपरचा बोल्ट सैल असणे ही गंभीर बाब आहे. खडबडीत रस्त्यावर खडखड होते आणि ब्रेकवर किंचित पाय टेकवताच ती थांबते, असे असेल तर हलणारा भाग पॅड किंवा कॅलिपर आहे हे जवळपास निश्चित होते, कारण सस्पेन्शनची खडखड ब्रेक टेकवल्याने सहसा थांबत नाही.

'घस्… घस्… घस्' असा तालात येणारा आवाज चाकाच्या फेऱ्यांशी जोडून पाहावा. लहान-मध्यम मोटारीच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर धरला, तर ताशी १० किलोमीटर वेगात चाक दर दोन सेकंदांत सुमारे तीन फेऱ्या घेते. आवाजाचा ताल याच्याशी जुळला, तर दर फेरीला एकदा काहीतरी घासते आहे, म्हणजे डिस्क किंचित डगमगते आहे किंवा तिची जाडी सर्वत्र सारखी नाही. डिस्कच्या जाडीतील मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा फरकही पेडलमध्ये थरथर म्हणून जाणवतो. स्टिअरिंग हलत असेल तर पुढच्या डिस्क, आसनातून थरथर जाणवत असेल तर मागच्या, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. डिस्क 'वाकली' असे लगेच म्हटले जाते, परंतु हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागाच्या) तोंडावर साचलेला गंज, चाकाचे नट असमान आवळलेले असणे किंवा पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटलेला असणे हीच कारणे अनेकदा आढळतात. म्हणून डिस्क टाकून देण्यापूर्वी हब घासून स्वच्छ करून पाहावे.

ऑटोमॅटिक गाडीत सिग्नलला थांबलेले असताना पाय हळूहळू उचलला की 'गुर्रऽऽ' असा घोगरा आवाज येतो. पॅड डिस्कला अर्धवट धरून अर्धवट सोडत असल्याचा हा आवाज आहे आणि पेडल एकदम सोडले किंवा नीट दाबून धरले तर तो येत नाही. त्याची काळजी करू नये.

ड्रम आणि बूस्टर

मागच्या ड्रममध्ये झिजेची भुकटी बाहेर पडायला वाव नसल्यामुळे ती आतच साचते आणि खरखर किंवा 'चूं' असा आवाज होतो. ड्रम काढून आत साफ करणे, शू ज्या जागांवर सरकतात तिथे उष्णता सोसणारे ग्रीस अगदी थोडे लावणे आणि स्प्रिंगा तपासणे एवढ्याने बहुतेक वेळा भागते. लायनर, म्हणजे शूवरचा घर्षण-थर, जिथे रिबिटांनी बसवलेला असतो, तिथे रिबिटाचे डोके ड्रमला लागण्याआधी शू बदलावेत. गाडी ओली असताना हँडब्रेक ओढून काही दिवस उभी ठेवली, तर शू गंजामुळे ड्रमला चिकटतात आणि निघताना मोठा 'धाड्' आवाज होतो. तो एकदाच झाला आणि चाक मोकळे फिरले तर चिंता नाही.

पेडल दाबताना पायापाशी येणारा हलका 'फुस्स' आवाज व्हॅक्यूम बूस्टरमध्ये, म्हणजे पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात, हवा शिरण्याचा असतो आणि तो स्वाभाविक आहे. हा आवाज सतत येत असेल आणि पेडल कडक लागत असेल, तर बूस्टर किंवा त्याची नळी गळत असावी. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे.

चाक काढून तपासणी

सपाट, कठीण जमिनीवर गाडी उभी करावी, उलट बाजूच्या चाकांना ठोकळे लावावेत, चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि जॅकवर उचलल्यावर गाडी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीच्या खाली हात घालू नये. ब्रेक पूर्ण थंड होऊ द्यावेत. साचलेली भुकटी तोंडाने किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या भागांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती भुकटी फुफ्फुसांना घातक असते. ब्रेक साफ करण्याचा स्प्रे किंवा ओले फडके वापरावे.

चाक काढल्याबरोबर काहीही न सोडता आधी नुसते पाहावे. कुठे ओलावा आहे, कुठे घासून चकचकीत झालेला भाग आहे, कोणती क्लिप जागेवर नाही, या गोष्टी भाग उलगडल्यावर दिसेनाशा होतात. मग चाक लावायच्या हबवर डिस्क हाताने फिरवून पाहावी. ती हलक्या घासण्यासह फिरली पाहिजे. जड फिरत असेल तर ब्रेक सुटत नाही. हेच चाचणीच्या फेरीनंतरही ताडता येते: ब्रेक कमी वापरून चालवल्यावर चारही चाकांच्या जवळ हात नेला आणि एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागले, तर त्या चाकाचा कॅलिपर अडकला आहे. डिस्कला स्पर्श मात्र करू नये, कारण ती भाजण्याइतकी तापते.

दोन्ही पॅडची जाडी मोजावी. नव्या पॅडचा घर्षण-थर अनेक मोटारींत साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत, आणि ते नेहमी एकाच आसाच्या दोन्ही चाकांवर बदलावेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा ठळकपणे पातळ असेल तर सरकत्या पिना किंवा पिस्टन अडकला आहे. एकच पॅड तिरपा, पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन अडकली आहे. या खुणा सापडल्यावर केवळ पॅड बदलणे म्हणजे बिघाड तसाच ठेवणे होय. पिना बाहेर काढून त्या बोटाने सहज सरकतात का पाहावे, जुने ग्रीस पुसावे आणि रबराला चालणारे सिलिकॉनचे ग्रीस लावावे. साधे खनिज ग्रीस रबरी भाग फुगवते, म्हणून ते वर्ज्य. पॅडचे कान जिथे ब्रॅकेटमध्ये सरकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि तिथे तसेच पॅडच्या पाठीवर उष्णता सोसणारे ग्रीस अत्यंत पातळ लावावे. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला ते कणभरही लागता कामा नये. आवाज बंद करण्यासाठी डिस्कवर तेल किंवा स्प्रे मारण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो जिवावर बेतणारा आहे हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

डिस्कवर नखाला अडकतील असे चरे, निळसर डाग, तडे आणि कडेला उभा राहिलेला काठ आहे का ते पाहावे. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कडेला किंवा मधल्या भागावर कोरलेला असतो. जाडी मायक्रोमीटरने, घासणाऱ्या पट्ट्याच्या मध्यावर, निदान सहा-आठ ठिकाणी मोजावी. साधा व्हर्नियर कडेच्या काठावर टेकतो आणि आकडा खोटाच जास्त येतो.

कॅलिपर सोडवल्यास तो रबरी नळीवर लटकू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा. पिस्टन मागे दाबताना टाकीतले ऑइल वर चढते, आणि ते सांडले तर रंग खराब करते. मागच्या ज्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकही असतो, त्याचा पिस्टन पुष्कळदा फिरवत आत न्यावा लागतो. विजेच्या हँडब्रेकची गाडी असेल तर ती आधी स्कॅनरने दुरुस्तीच्या स्थितीत आणावी लागते. ही साधने हाताशी नसतील तर इथेच थांबून काम मेकॅनिककडे सोपवावे, आणि आपल्या नोंदी त्याला द्याव्यात. 'ब्रेक वाजतो' एवढेच सांगण्याऐवजी 'थंड असताना, हलक्या दाबाला, फक्त पुढे जाताना, डावीकडून' असे सांगितले, तर त्याचा अर्धा तास वाचतो आणि अनावश्यक भाग बदलले जाण्याची शक्यता कमी होते.

जोडणी झाल्यावर

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने आवळावेत. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत येण्यापूर्वी गाडी चालवली, तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. त्यानंतर ऑइलची पातळी पाहावी.

नवे पॅड डिस्कवर बसवण्यासाठी पॅडसोबत दिलेल्या सूचना पाळाव्यात. त्या नसतील तर मोकळ्या रस्त्यावर ताशी सुमारे ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, प्रत्येक वेळेच्या मध्ये डिस्क थंड होईल इतके अंतर चालावे आणि गरम ब्रेकवर पेडल दाबून उभे राहू नये. या काळात थोडा आवाज आणि वास येणे साहजिक आहे. काहीशे किलोमीटरनंतरही आवाज राहिला, तर पहिल्या दिवशीच्या नोंदी काढून त्याच चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा कराव्यात. आवाज येण्याची वेळ बदलली असेल तर कारण नुकत्याच केलेल्या कामात, म्हणजे क्लिपा, शिम किंवा ग्रीस यांत शोधावे. वेळ पूर्वीचीच असेल तर मूळ कारण अजून जागेवर आहे आणि डिस्कची जाडी, हबचे तोंड व बेअरिंग हे पुढचे तपासायचे भाग आहेत.